दादा, तुझा पियानो मी दुरुस्त करून घेतला

दादा,

तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाला भंतेजी आले, पुसदमधल्या सगळ्या गायन पार्ट्या आल्या, उमरखेडहून मामाकडची माणसं आली, आणि जो तो उठून तुझ्याबद्दल चार शब्द बोलला. कोणी म्हणालं, असा मेकॅनिक एस.टी. डेपोला पुन्हा मिळणार नाही. कोणी म्हणालं, भीमजयंतीच्या मिरवणुकीत असा गळा आता ऐकायला मिळायचा नाही. शेवटी माईक माझ्या हातात दिला. छत्तीस वर्षं पोरांपुढं बडबड करण्यात गेली माझी, पण त्या दिवशी ‘माझा भाऊ’ एवढं म्हटलं आणि पुढं काही सुचेना. शीला वहिनीनं हाताला धरून मला खाली बसवलं. लोकांना वाटलं, बहीण आहे, दुःखानं बोलवत नसेल. दुःख होतंच, खोटं कशाला बोलू. पण मला बोलायचं होतं ते मंडपात बोलण्यासारखं नव्हतं. मला तुझी माफी मागायची होती. आठ महिने मागायची होती, आणि तू रोज चार वाजता चहाला येत होतास, आणि मी रोज उद्यावर टाकत होते. आता लिहायला बसले आहे. तू असतास तर म्हणाला असतास, ‘अर्ज लिहून राह्यली काय?’ तसंच समज.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हा पियानो माझ्या घरात आला तो तुझ्या हट्टानं. तू मात्र अख्ख्या वस्तीत सांगत सुटला होतास की, ‘बेबीले पाहिजे होता म्हणून आन्ला.’ मी कधी मागितला होता? मी यवतमाळला डी.एड.ला होते तेव्हा होस्टेलच्या रस्त्यावर एक बंगला होता. संध्याकाळी आतून पियानो ऐकू यायचा आणि मी फाटकापाशी थांबायचे. तू एकदा आईनं दिलेला डबा घेऊन आलास आणि मला तिथं पाहिलंस. ‘काय पाहून राह्यली?’ म्हणालास. ‘पाहत नाही, ऐकते,’ मी म्हटलं. तूही मग डबा हातात धरून उभा राहिलास, आतलं वाजणं थांबेपर्यंत. एवढंच झालं होतं. मी ते पार विसरून गेले होते. तू चाळीस वर्षं लक्षात ठेवलंस, आणि सांगितलं मात्र कधीच नाहीस.

मी रिटायर होऊन चार महिने झाले होते. लग्न मी केलं नाही. का नाही केलं, हे सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालं, फक्त तू विचारलं नाहीस, याचे आभार मानायचेही राहूनच गेले. घरात मी आणि टीव्ही. एक दिवस तू सकाळी सकाळी दारात. ‘चाल, तयार हो. यवतमाळले जाऊ. तुहा बाजा आणू.’ त्याच बंगल्यातल्या बाई मुलीकडे राहायला निघाल्या होत्या, सामान काढत होत्या, आणि ही बातमी तुला तुझ्या ओळखीच्या कोण्या ड्रायव्हरनं दिली होती. मी म्हटलं, ‘मला वाजवता येत नाही. आणि या वयात शिकून काय करू?’ तू म्हणालास, ‘वाजव नको. इतल्या मोठ्या घरात कोनी तरी आवाज करनारं पाहिजे ना.’ मी तुझ्यावर चिडले आणि साडी बदलायला आत गेले.

त्या बाई फार सरळ होत्या. झाकण उघडून म्हणाल्या, ‘बारा वर्षं याला कोणी हात लावलेला नाही. खरं सांगायचं तर मी लाकूड म्हणूनच देते आहे.’ मी एक पट्टी दाबली, ती आत गेली ती वर आलीच नाही. दुसरी वाजली, पण आत काहीतरी खुळखुळलं. तू खालची फळी काढलीस, टॉर्च लावून डोकं आत घातलंस. आतून आधी उंदरांचं घरटं निघालं, मग एक अर्धी कुरतडलेली लग्नपत्रिका. आणि तू गुडघ्यावर बसल्या बसल्या गंभीरपणे निकाल दिलास, ‘बॉडी मस्त आहे. वायरिंग पाहा लागते.’ त्या बाईंच्या समोर मला हसू आवरेना.

छोटा हत्ती टेम्पोत चार गाद्यांच्या मध्ये बांधून आपण तो आणला. मी पुढं ड्रायव्हरजवळ, तू मागं त्याच्यावर हात ठेवून. दिग्रसला चहाला थांबलो तर माणसं गोळा झाली. फ्रीज आहे काय? नाही. मग कपाट? आलमारी? पाचव्या माणसाला तू कंटाळून ‘हो बाप्पा, कपाटच आहे’ म्हणालास, आणि गाडी हलून खड्ड्यात आदळली तशी त्या कपाटातून सगळ्या तारा एकदम वाजल्या. चहावाल्यानं किटली धरलेला हात तसाच ठेवला होता. दादा, ते चेहरे आठवून आपण दोघं किती दिवस हसलो. आता आठवते तेव्हा एकटीला हसायला कसंतरी वाटतं.

मग अकरा महिने. दुपारचं जेवण झालं की तू यायचास. बनियनवर, कानाच्या मागं पेन्सिल. आतली सगळी लोकर कसरीनं खाल्ली होती. तू पहिल्यांदा काय केलंस ते लोकांना सांगितलं तर पटणार नाही. ‘यवतमाळ जिल्ह्यात राहून लोकर इकत आनाची?’ म्हणालास, आणि तारांवर आपटणाऱ्या आतल्या हातोड्यांना कापूस गुंडाळून, वर मलमल शिवून मोकळा झालास. मी पट्टी दाबली तर उशीवर थाप मारल्याचा आवाज आला. सत्तावीस हातोड्या झाल्या होत्या तोवर. तू बसून सगळ्या उसवल्यास. मग एका धनगराकडून जुनी घोंगडी आणलीस आणि पट्ट्यांच्या खाली तिच्या चकत्या कापून घातल्यास. हातोड्यांना जाड नमदा, दाबलेल्या लोकरीचा, आणलास, तो कुठून आणलास ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीस. पट्ट्यांचे पांढरे तुकडे पडले होते तिथं इलेक्ट्रिक बोर्डाचा पांढरा सनमायका घासून बसवलास. तारा पिळायची चावी मिळत नव्हती, तर बॉक्सपाना कानसून तशीच चावी तयार केलीस. मी रोज म्हणायचे, ‘जाणकार माणूस बोलावू.’ तू म्हणायचास, ‘मंग मी कोन आहो?’

तारा ताणताना दोन तुटल्या. एक तुझ्या गालावर आली, डोळा थोडक्यात वाचला. मी हळद लावत होते आणि ओरडत होते. तू म्हणालास, ‘त्याची काही चूक नाही. बुढा माणूस आहे, झेपते तेवढंच काम सांगा लागते.’ आणि तू सगळ्या पियानोचा सूर खाली उतरवायचं ठरवलंस. किती खाली? तू डोळे मिटलेस आणि गायन पार्टीत लावतोस तसा तुझा ‘सा’ लावलास. तिथून सुरुवात. मी पट्टी दाबायची, तू पाना फिरवायचा, गुणगुणत राहायचं, आणि सूर जुळला की मान हलवायची. एकेक तार. कधी कधी एका दुपारी चारच व्हायच्या.

आपला वाद तिथंच सुरू झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. मी मास्तरीण, मोबाईलवर वाचून काढलं होतं. मी तुला सांगितलं की पियानो असा लावत नाहीत, त्यात प्रत्येक सूर जरासा सरकवतात, म्हणजे कोणत्याही पट्टीपासून गाणं सुरू केलं तरी चालतं. 

‘म्हंजे सगळेच सूर थोडे थोडे चुकवाचे?’ 

‘थोडेच. कळत नाही ते.’ 

‘मले कळते. आन आपल्याले कुठूनही कायले सुरू कराचं आहे? आपन आपल्या जागेवरून सुरू करू.’ 

‘दादा, तो नियम आहे.’ 

‘कोनं केला? आपल्याले इचारून केला होता काय?’ 

मी तुला जिद्दी म्हटलं. तू मला सरकारी म्हणालास. वहिनी तेव्हा भाजी निवडत बसली होती, ती म्हणाली, ‘तुमच्या दोघांच्या मंधात तो बिचारा पियानो फसला.’

पण ज्या दिवशी शेवटची तार लागली, त्या दिवशी तू उभं राहून जयंतीचं गाणं म्हटलंस आणि मी एका बोटानं साथ केली. दादा, मी आजवर कोणाला सांगितलं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. तुझा आवाज कुठं संपतो आणि तार कुठं सुरू होते तेच समजेना. खिडकीत बायका येऊन उभ्या राहिल्या. मी तोंडानं एवढंच म्हटलं, ‘बरं जमलं.’ पोरांच्या वहीत शेरा द्यायची सवय, दुसरं काय. फार चांगलं जमलं होतं. त्यापेक्षा चांगलं मी माझ्या आयुष्यात काही ऐकलं नाही.

आता तो दिवस. इंग्रजी शाळेत नवीन आलेले संगीत शिक्षक पियानो बघायला आले होते. शिकलेला, नीटनेटका माणूस, बोलणं गोड. तू दाराजवळच्या खुर्चीत, हातात बशी. ते बसले आणि दोन्ही हातांनी भराभर काहीतरी वाजवलं. मध्येच थांबले, चेहरा वाकडा केला, आणि हसले. ‘मॅडम, हे ट्यूनिंग कोणी केलं? एका पट्टीत बरं वाटतं, बाकी सगळं बेसूर आहे.’

मी काय म्हणायला हवं होतं? माझ्या भावानं केलं. समोर बसला आहे, विचारा त्याला का केलं ते. एवढं सोपं वाक्य होतं. आणि मी म्हणाले, ‘जुना आहे ना सर. आणला तसाच आहे.’

आणला तसाच आहे. अकरा महिने, ती घोंगडी, तो सनमायका, तुझ्या गालावरची खूण, सगळं मी तीन शब्दांत पुसून टाकलं, आणि तू तिथंच बसलेला होतास. तुला उगीच वाईट वाटायला नको म्हणून तसं बोलले, असं मी नंतर स्वतःला सांगत राहिले. ते खरं नाही. मला लाज वाटली. त्या माणसाच्या स्वच्छ शर्टापुढं, त्याच्या भराभर चालणाऱ्या बोटांपुढं, मला तुझी लाज वाटली. फाटकाबाहेर उभी राहणारी मी, आता माझ्या घरात तोच पियानो होता, आणि आतल्या माणसांसारखं दिसायला मी तुला बाहेर ठेवलं. तू बशीतला चहा संपवलास, कप स्वतः मोरीत नेऊन विसळलास, आणि ‘निंगतो’ म्हणून गेलास. दुसऱ्या दिवशी चार वाजता परत आलास. काहीच झालं नाही असा आलास, म्हणून मीही तसंच वागले.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण ती लाज मला सुखानं बसू देईना. तू उमरखेडला लग्नाला गेलास तेव्हा मी नागपूरहून ट्यूनरला बोलावलं. मशीन घेऊन आला, दोन दिवस राहिला. सगळ्या तारा वर ओढल्या, नऊ बदलल्या. चांगला माणूस होता. घोंगडीच्या चकत्या बघून आधी हसला, मग म्हणाला, ‘काम पक्कं आहे हो ताई, हे मी काढत नाही. कोणी केलं?’ त्याला मात्र मी सांगितलं की माझ्या भावानं केलं. तू समोर नव्हतास ना, सोपं गेलं.

सोमवारी तू आलास. लग्नातला बुंदीचा पुडा टेबलावर ठेवलास आणि सवयीनं पियानोपाशी जाऊन तुझी पट्टी दाबलीस, गळा लावलास आणि थांबलास. पुन्हा दाबलीस. शेजारची दाबलीस. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. 

‘कोनं हात लावला?’ 

‘नागपूरहून माणूस आला होता. आता कोणत्याही पट्टीत वाजतो.’ 

 तू झाकण लावलंस, हळूच लावलंस. ‘चांगलं केलं,’ म्हणालास, ‘आता सगळ्याइच्या कामाचा झाला.’ 

तू भांडला असतास तर मी जिंकले असते, हे तुला माहीत होतं काय? लहानपणापासून माझ्याशी भांडलास, गोट्यांवरून, सायकलवरून, आईच्या औषधांवरून. एवढ्या एकाच गोष्टीवरून भांडला नाहीस. नंतरचे आठ महिने तू रोज आलास, चहा प्यायलास, डेपोच्या गोष्टी सांगितल्यास, माझा नळ दुरुस्त केलास. पियानोपाशी गेला नाहीस. घरात तू गुणगुणायचास, तेही बंद झालं. मी इंग्रजी पुस्तकातले धडे गिरवत होते. तू ‘छान’ म्हणायचास. मला तुझं छान नको होतं.

आणि आपलं शेवटचं बोलणं कशावरून झालं? लोणच्यावरून. बी.पी. असताना तू तिसरी फोड घेतलीस, मी बरणी उचलून आत नेली, तू म्हणालास, ‘शाळेतून रिटायर झाली, माह्यावरून कधी होशील?’ मी आतून ओरडले, ‘कधीच नाही.’ तू हसत चपला घातल्यास. सकाळी वहिनीचा फोन आला तेव्हा ती नुसती माझं नाव घेत होती, आणि मी समजले.

चार दिवसांपूर्वी मी धीर केला. फोनमध्ये तुझे व्हिडिओ आहेत. त्यातला एक लावला, गेल्या वर्षीच्या जयंतीचा. तू गातो आहेस, मागं खंजिरी, कोणाचं तरी पोर मध्येच कॅमेऱ्यासमोर येतं. मी फोन पियानोवर ठेवला आणि तुझा ‘सा’ शोधायला लागले. पांढरी एक दाबली, तू तिच्या वर. काळी एक दाबली, तू तिच्या खाली. मग मला वाटलं, माझाच कान गेला असेल, म्हणून या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या दाबून पाहिल्या. नाही. जिथं तू गायचास ती जागा आता या पियानोत कुठंच नाही. सगळ्याइच्या कामाचा झाला, एक तू सोडून.

नागपूरला फोन केला. म्हटलं, पुन्हा खाली उतरवून द्या, होता तसा. तो म्हणाला, ‘उतरवतो ना ताई. व्हिडिओ पाठवा, पट्टी काढतो मी मशीनवर. पण त्यांनी प्रत्येक तार स्वतःच्या कानानं लावली होती. तो कान मी कुठून आणू? मी लावलं तर ते माझं होईल.’ मी त्याला येऊ नका म्हणाले. त्यानं तुझ्याबद्दल विचारलं. मी तू गेल्याचं सांगितलं. तो म्हणाला, ‘घोंगडीवाले?’ मी म्हटलं, हो, तेच.

तर दादा, माझं हे एवढंच आहे. पियानो तू लावला होतास. तो बेसूर नव्हता. मी खोटं बोलले, तुझ्यासमोर बोलले, आणि ते खरं करायला तुझं सगळं काम पुसून घेतलं. मला माफ कर असं लिहिते आहे, आणि हेही कळतं आहे की तू वाचणार नाहीस. वहिनीला मी काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याइले मालूम होतं. घरी येऊन सांगतलं होतं मले.’ मी विचारलं, काय म्हणाला? ती म्हणाली, ‘म्हने, बेबीले त्या मास्तरासमोर लाज वाटली. वाटू दे. तिलेच राहा लागते तिच्या घरात एकटीले.’ वहिनी गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पुष्कळ रडले.

आज दुपारी झाकण बंद ठेवून मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, आणि तुझ्याबरोबर गायला लागले. शाळेत प्रार्थनेपलीकडे मी गायले नाही कधी. पहिल्या कडव्याला माझा आवाज वर जात होता, दुसऱ्याला फाटला. फोन कानाजवळ धरला, पुन्हा सुरुवातीपासून लावला, आणि हळूहळू, कुठल्याही पट्टीवर नाही अशा त्या जागेवर मी येऊन पोचले. मग तीनदा म्हटलं पूर्ण गाणं.

संध्याकाळी मागच्या घरी राहायला आलेली सून वाटीभर साखर मागायला आली. नवीन आहे, तिला आपल्यातलं काही माहीत नाही. साखर घेताना आत डोकावून म्हणाली, ‘मावशी, पाहुने आलते काय वो? दोघाइचा गान्याचा आवाज येत होता.’

कोणी नाही ग, म्हटलं, मी एकटीच आहे.